झटका येतो, झटका देतो

पहिल्या संक्रांतीला बाळाचे बोरन्हाण करतात, तसे आम्हीही केले. ओसरीवर सतरंजी अंथरली, काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातलेल्या माझ्या सात महिन्यांच्या मुलाला सासूबाईंनी मांडीवर धरले, आणि बोरे-चुरमुरे वेचण्यासाठी गल्लीतली सगळी पोट्टी भोवती कोंडाळे करून बसली. डोक्यावरून बोरे ओघळू लागली की बाळे दचकतात, इकडेतिकडे बघतात, भोकाड पसरतात किंवा खुदकन हसतात. आमचे बाळ समोरच्या खांबाकडे एकटक पाहत होते. उजवीकडून कोणीतरी खुळखुळा वाजवला. क्षणभर काहीच घडले नाही, आणि मग त्याने मान इतक्या जोरात उजवीकडे फेकली की गळ्यातली हलव्याची माळ तुटली. मान खुळखुळ्यावर थांबलीसुद्धा नाही. ती खुळखुळा ओलांडून पार खांद्यापर्यंत गेली आणि मग सावकाश परत आली. बायका एकदम गप्प झाल्या. "फिट आली व माय," असे कोणीतरी म्हणाले आणि दुसरे कोणीतरी कांदा आणायला आत धावले.

कांदा फोडून नाकाशी धरला, तेव्हा बाळ शिंकले आणि हसले. फिट आलेले मूल असे हसत नाही, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही, माझ्याही नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. निरीक्षण करायला मी मुलांना शिकवते, आणि हे निरीक्षण माझ्या डोळ्यांसमोरून निसटले.

खरे तर काहीतरी वेगळे आहे, हे आम्हाला त्याआधीच जाणवू लागले होते. मुलाचा जन्म 2015 च्या जूनमधला, पेरणीच्या घाईतला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या दिवसांत बाळ-बाळंतिणीपेक्षा आभाळाकडे अधिक लक्ष असते, त्यामुळे पहिले दोन महिने कोणाला फारसे काही वाटले नाही. सव्वा महिन्यात बाळाची नजर ठरते आणि तीन-चार महिन्यांत ते मान धरते, हा जुन्या बायकांचा हिशेब. आमच्या बाळाची नजर ठरली की नाही, याबद्दल घरात दोन मते होती. मी अगदी समोर तोंड नेले की ते माझ्याकडे नीट पाही, ओठांचा चाळा करी. मी बाजूला सरकले की मात्र मी त्याच्या जगातून नाहीशी होई. त्याचे डोळे माझ्यामागे येत नसत. त्याला दिसत नसावे, असे शेजारच्या एका बाईंनी हलक्या आवाजात बोलून दाखवले. मग एका दवाखान्यात डोळ्यांवर बॅटरीचा उजेड टाकून पाहिला, बाहुल्या व्यवस्थित आकसल्या, आणि वाट पाहायला सांगून आम्हाला घरी पाठवण्यात आले.

एक गोष्ट मात्र मला पुढे कित्येकदा आठवली. पाळण्यावर टांगलेले चिमणाळे मी रबराच्या दोरीने बांधले होते, त्यामुळे हात लागला की ते वरखाली नाचे. त्या वरखाली नाचणाऱ्या चिमण्यांकडे बाळाचे डोळे व्यवस्थित वरखाली होत. ज्याला वरखाली दिसते, त्याला आडवे का दिसू नये, हा प्रश्न मला पडला होता, पण तो कोणाला विचारण्यासारखा वाटला नाही. इतका बारीक प्रश्न डॉक्टरांना विचारला तर ते हसतील, अशी एक भीती आपल्याकडे असतेच.

मान धरायला त्याला सहा महिने लागले. जवसाच्या तेलाने मालीश झाली, दृष्ट काढून झाली, मीठ-मोहरी चुलीत तडतडली. आणि मान धरल्यानंतर थोड्याच दिवसांत हे झटके सुरू झाले. मान धरल्याचा आनंद आठवडाभरही टिकला नाही, असे मी तेव्हा माझ्या आईला फोनवर रडत सांगितल्याचे आठवते. मान धरली म्हणूनच झटके सुरू झाले, या दोन गोष्टींचा एकमेकींशी असा सरळ संबंध आहे, हे कळायला अजून बरेच दिवस जायचे होते.

बोरन्हाणानंतर "याला झटके येतात" हे वाक्य घरात रुजले. तालुक्याच्या एका डॉक्टरांना आम्ही तेच सांगितले, त्यांनीही तेच लिहिले, आणि मिरगीचे औषध सुरू झाले. औषधाने बाळ पेंगुळले. झटके थोडे कमी झाले, कारण ते जागेच कमी वेळ राहू लागले. जाग आली की पुन्हा मान डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मी त्याचे डोके दोन्ही तळव्यांत धरून ठेवू लागले. सासूबाई त्याला निजवताना दोन्ही बाजूंनी उशा लावीत. माझे पती त्याला कडेवर घेतले की हनुवटीने त्याचे डोके दाबून धरीत. थोडक्यात, घरातली सगळी मोठी माणसे मिळून एका लेकराची मान अडवण्याच्या कामाला लागली होती, आणि ते लेकरू अशा वेळी जे आक्रंदून रडे, ते रडणेही आम्ही आजाराच्याच खात्यात जमा करीत होतो.

गावात दोन उपमा फिरत होत्या. चिंचेच्या झाडावर बसणारा पिंगळा जसा मान गर्रकन फिरवतो, तसे हे पोरगे करते, ही पहिली. ती ऐकून मला संताप येई. दुसरी आमच्या सालदारांची. पंचवीस-तीस वर्षे बैलांमागे चाललेला हा माणूस एके दिवशी ओसरीच्या पायरीवर बसून बराच वेळ बाळाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बाई, माह्यापाशी एक जोडी होती. धुऱ्यावर आली की डावा बैल वयेच ना, त उजवा त्याले जुवासकट ओढून नेये. या लेकराचं तसंच दिसते. डोये वयत नाही, त मान ओढून नेते त्यायले." मी हो म्हटले आणि घरात निघून गेले. औषधाची वेळ झाली होती.

मार्गी लावले ते अंगणवाडीने. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते. त्या पथकातल्या तरुण डॉक्टरांनी बाळाला पाच मिनिटे नुसते खेळू दिले आणि नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे जाण्यासाठी चिठ्ठी दिली. सुमारे दीडशे किलोमीटरचा तो प्रवास आम्ही पहाटेच्या एसटीने केला.

नागपूरच्या डॉक्टर बाईंनी आमची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "त्याला झटका येतो, की तो झटका देतो?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी खुलासा केला: झोपेत कधी असे होते का? आजूबाजूला पाहण्यासारखे काही नसताना होते का? झटक्याच्या वेळी त्याची शुद्ध हरपते का? या प्रत्येक प्रश्नाला मी नाही म्हणत गेले, आणि म्हणता म्हणता मला घाम फुटला. येणे आणि देणे या दोन क्रियापदांतला फरक मी चौथीच्या वर्गाला शिकवते. ताप येतो, शिंक येते, ते आपल्या हातात नसते. हिसका आपण देतो. जे मूल मानेला झटका देत होते, त्याला झटके येतात असे आम्ही सांगत सुटलो होतो, आणि त्या एका क्रियापदापायी ते दीड महिना गुंगीत राहिले. एकट्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. सांगणारी मीच होते.

मग त्यांनी एक विलक्षण तपासणी केली. बाळाला दोन्ही बगलांत धरून, हात लांब करून, स्वतःच्या तोंडासमोर उचलले आणि फिरत्या स्टुलावर बसून त्या स्वतःभोवती गोल फिरल्या. आपल्यासारख्या कोणालाही असे फिरवले, तर डोळे एका बाजूला हळूहळू सरकतात, मग टुणकन मध्ये परत येतात, पुन्हा सरकतात, पुन्हा परत येतात. माझ्या मुलाचे डोळे एका बाजूला सरकले आणि तिथेच कोपऱ्यात अडकून राहिले. टुणकन परत येणे झालेच नाही. त्या उलट बाजूने फिरल्या, तेव्हा डोळे दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले. नंतर त्यांनी एक खेळणे वरखाली हलवले आणि डोळे सहज वरखाली झाले. चिमणाळ्याची गोष्ट मी त्या वेळी सांगितली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ती कागदावर लिहून घेतली.

त्यांनी जे समजावले आणि पुढे मी जे वाचले, ते माझ्या भाषेत असे. स्थिर गोष्टी पाहताना आपले डोळे सरळ रेषेत वाहत जात नाहीत, ते उड्या मारतात. सेकंदाला साधारण तीन अशा त्या उड्या आपल्या नकळत चालू असतात. बाजूला काही खुट्ट झाले की आधी डोळे उडी मारतात आणि मान सावकाश मागून येते. ही आडवी उडी सुरू करण्याचा हुकूमच माझ्या मुलाच्या मेंदूतून नीट सुटत नाही. डोळा शाबूत आहे, डोळ्याचे स्नायू शाबूत आहेत, दृष्टीही आहे. अडते ते उडीपाशी. आडव्या दिशेतच बहुतेक अडते, वरखालीची वाट मेंदूत वेगळी असल्यामुळे ती मोकळी राहते.

आता पाहायचे असेल तर मान हाच उपाय उरतो. पण मान वळवून भागत नाही, कारण इथे दुसरीच एक व्यवस्था आडवी येते. हा लेख वाचता वाचता मान डावी-उजवीकडे हलवून पाहा. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून तेवढ्याच वेगाने मोबाइल हलवा, अक्षरे फिसकटतात. मान उजवीकडे गेली की आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या ते ओळखतात आणि डोळ्यांना तेवढेच डावीकडे ढकलतात, म्हणून जग स्थिर दिसते. माझ्या मुलाने उजवीकडे पाहायला मान वळवली की हीच व्यवस्था त्याचे डोळे डावीकडे ढकलते. म्हणजे तो जितका वळतो, तितके डोळे मागे राहतात. तेव्हा त्याला मान खुळखुळ्याच्याही पलीकडे फेकावी लागते, डोळे डाव्या कोपऱ्यात पूर्ण टेकेपर्यंत. डोळ्यांना त्या कोपऱ्यापलीकडे जायला जागा उरली नाही की ते मानेबरोबर ओढले जातात आणि शेवटी खुळखुळ्यावर येऊन ठेपतात. एकदा वस्तू नजरेत पकडली की तो तिच्यावर डोळे रोखून मान सावकाश सरळ करतो. हलव्याची माळ तुटली, त्या दिवशी आम्ही हेच पाहिले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमवार.

सालदारांची उपमा अर्धी खरी होती. डावा बैल वळत नव्हता इतकेच नाही, तो उलट दिशेला ओढत होता, आणि तरीही उजव्याने त्याला धुऱ्यावरून वळवून आणले होते.

सात महिन्यांच्या मुलाने हे सगळे स्वतः शोधून काढले होते. कोणी शिकवले नाही, कोणाचे पाहून शिकण्याचा प्रश्नच नव्हता. मानेत बळ नव्हते तोवर त्याच्यापाशी काहीच साधन नव्हते, म्हणून ते खांबाकडे पाहत पडून राही आणि आम्हाला आंधळे वाटे. मान धरली त्याच आठवड्यात त्याने तिचा उपयोग करून पाहायला सुरुवात केली. आणि आम्ही तिला दोन्ही बाजूंनी उशा लावल्या.

या विकाराचे नाव कंजेनायटल ऑक्युलर मोटर अप्रॅक्सिया. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ डेव्हिड कोगन यांनी 1952 साली त्याचे वर्णन केले आणि मानेच्या या झटक्यांचा उल्लेख आपल्या लेखाच्या शीर्षकातच केला. अप्रॅक्सिया हा शब्द इथे चपखल बसत नाही, असे म्हणणारे तज्ज्ञही आहेत, कारण त्या शब्दाचा अर्थ ठरवून करायची हालचाल न जमणे असा होतो, आणि या मुलांच्या तर आपसूक होणाऱ्या उड्याही चुकतात, हे त्या फिरत्या स्टुलावर मी स्वतः पाहिले. उडी सुरू होण्यातला उशीर, अशा अर्थाचे नवे नाव म्हणून काहींनी सुचवले आहे. मला ते आवडते. त्यात निदान क्रियापद बरोबर आहे.

नाव मिळाले म्हणून काळजी संपली नाही. हीच लक्षणे कधी एखाद्या मोठ्या आजाराचा भाग असतात. नात्यात लग्न झाले आहे का, बाळ श्वास मध्येच भराभर घेते का, असे डॉक्टर बाईंनी विचारले. जूबेर सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक विकार आहे, मारी जूबेर यांनी 1969 मध्ये नोंदवलेला; त्यात लहान मेंदूचा मधला भाग नीट वाढत नाही आणि एमआरआयच्या चित्रात दाढेसारखा आकार दिसतो. तो नाही ना, हे पाहण्यासाठी बाळाला गुंगी देऊन एमआरआय झाला, मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली. अहवाल येईपर्यंतचे दिवस मी इथे लिहीत नाही. दाढ दिसली नाही. एमआरआयमध्ये वावगे काहीच नव्हते, आणि तसे ते अनेक मुलांमध्ये नसते.

औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, असे डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितले. मिरगीचे औषध त्यांनी टप्प्याटप्प्याने कमी करून बंद केले. चालणे उशिरा येईल, बोलणे उशिरा येईल, त्यासाठी व्यायाम घ्या. वय वाढेल तसे झटके सौम्य होतील, कारण तो दुसऱ्या युक्त्या शोधेल. आणि डोके धरून ठेवू नका. हे शेवटचे वाक्य त्यांनी माझ्या हातांकडे पाहून म्हटले. त्या क्षणीही माझे तळवे त्याच्या कानांवर होते.

घरी आल्यावर उशा काढल्या. सासूबाईंना समजावायला मला बैलांचीच उपमा वापरावी लागली, आणि त्यांना ती आतल्या कानाच्या नळ्यांपेक्षा कितीतरी लवकर पटली. पिंगळ्याच्या उपमेचाही माझा राग हळूहळू गेला. घुबडाच्या जातीच्या पक्ष्यांचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, ते फिरतच नाहीत, म्हणून त्यांच्या मानेत 14 मणके असतात. माणसाच्या मानेत 7. गावातल्या माणसांनी कुचेष्टेने का होईना, पण नेमके पाहिले होते. माझ्या मुलाला मात्र हेच काम निम्म्या मणक्यांत भागवावे लागत होते.

तो दोन वर्षांचा होता होता चालू लागला, आणि वाक्ये बोलायला तीन वर्षे उलटली. पडायचा फार. अंगणात कोंबडी आडवी गेली की अडखळायचा, कारण ती कुठून आली हे कळेपर्यंत ती पायात आलेली असायची. विटीदांडूत आणि क्रिकेटमध्ये कोणी त्याला घेत नसे. पण तान्ह्या पोळ्याला आपला लाकडी बैल दोरीने ओढत तो रांगेत चालला, तेव्हा बैल त्याच्या मागे होता आणि त्याला फक्त पुढे पाहायचे होते, त्यामुळे तो एकदाही पडला नाही. पुढच्या वर्षीही त्याने पहिला नंबर लागल्यासारख्या थाटात बैल मिरवला.

खरी गंमत, आणि खरी अडचण, शाळेत आली. ओळ वाचणे म्हणजे डावीकडून उजवीकडे लहान लहान उड्या, आणि ओळ संपली की एक लांब उडी मागे, खालच्या ओळीच्या सुरुवातीला. माझ्या मुलाला नेमके हेच जमत नाही. तो एकच ओळ दोनदा वाची, मधली ओळ गाळी, शब्दाशब्दाला मान हलवी. त्याच्या पहिलीच्या वर्गशिक्षिका, माझी सहकारी, मला म्हणाल्या की त्याचे लक्ष नाही. मी रागावले नाही, कारण हेच वाक्य मी दुसऱ्यांच्या मुलांबद्दल कितीदा तरी बोलले होते. बोट ठेवून वाचू नकोस, असे मी बारा वर्षे मुलांना सांगत आले होते. तो बोट ठेवी आणि त्याच्या आधाराने ओळ धरी. मी बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून दिली. ती त्याच्या दप्तरात अजून असते, कडा मऊ पडलेल्या.

पाढे मात्र त्याने वर्गात सगळ्यांच्या आधी वाचले. कित्येक महिने मी हे गणिताच्या डोक्याचे लक्षण समजत होते. एके दिवशी उजळणीचे पान समोर होते आणि एकदम ध्यानात आले की पाढे उभे लिहिलेले असतात. बे एके बे, बे दुणे चार, खाली खाली खाली. वरखालीची वाट त्याला जन्मापासून मोकळी होती, चिमणाळ्यापासून. त्या संध्याकाळी मी त्याच्या पुस्तकातल्या धड्याचा एक परिच्छेद पाटीवर एकाखाली एक शब्द असा लिहिला, धोब्याच्या यादीसारखा. तो मान न हलवता वाचत गेला, जवळजवळ न अडखळता. शेवटच्या शब्दावर पोचल्यावर त्याने विचारले, "आई, सगळी पुस्तकं अशी काहून नाही छापत?" मराठी वरून खाली लिहिणारी भाषा असती तर माझ्या मुलाचा विकार शाळेला कळलाही नसता. सगळी पुस्तके मी उभी लिहू शकत नाही, पण परीक्षेच्या आधी महत्त्वाची उत्तरे लिहिते. वही लवकर संपते.

आता तो दहा वर्षांचा आहे. मानेचे झटके नव्या माणसाला चटकन दिसत नाहीत. मध्यंतरी त्याने आणखी एक युक्ती शोधली आहे: बाजूला पाहायचे असले की तो आधी पापण्या मिटतो. डोळा एका वस्तूवर चिकटलेला असतो, तो पापणीने सुटतो, आणि उघडताना नव्या जागी निघतो. हीसुद्धा अशा मुलांची ओळखीची युक्ती आहे, असे डॉक्टर बाईंनी सांगितले. मला ती आधी नाटकी पापणीझाप वाटली होती आणि मी त्याला दोनदा टोकले होते, हे इथे कबूल करते.

दर वर्षी एकदा आम्ही तपासणीला नागपूरला जातो. एसटीत खिडकीची जागा त्याला कधीच नको असायची. इतर पोरे खिडकीसाठी भांडतात, हा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून समोरच्या काचेतून सरळ रस्ता बघत राही. याचे कारण मला माहीत होते: धावत्या खिडकीतून पाहताना आपले डोळे एक झाड पकडतात, त्याच्याबरोबर मागे जातात, आणि उडी मारून पुढचे झाड पकडतात; त्याचे डोळे पहिल्याच झाडाबरोबर कोपऱ्यात जाऊन अडकतात. गेल्या वेळी मात्र गाडीत गर्दी होती आणि खिडकीच तेवढी रिकामी होती. तो बसला. कळंब मागे पडले, दोन्ही बाजूंना तूर उभी होती. मी त्याच्याकडे न पाहिल्यासारखे करून पाहत होते. तो एका बाभळीवर डोळे रोखी, ती मागे जाई, मग तो पापण्या मिटी आणि उघडी, आणि पुढच्या बाभळीवर असे. थोड्या वेळाने त्याचे ओठ हलू लागले. तो झाडे मोजत होता. "किती झाली?" मी विचारले. "मधात बोलू नको," तो म्हणाला, "चुकते ना माह्यं."